आमच्या छापाच्या गाठी

त्या काळात मला दादाचा भारी राग येई. आज सांगायला लाज वाटते, पण येई खरा. अमेरिकेत लढाई लागली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून सगळी दुनिया आमच्या वऱ्हाडाच्या कापसावर तुटून पडली होती. अमरावतीत जो तो मोठा होत होता. काल ज्याला कुणी राम राम करत नव्हतं, त्याच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या. तो बाजारातून निघाला की लोक उठून वाट देत. आणि आम्ही? आम्ही आपले अंगणात रुई वाळवत बसलेलो.

आमचा धंदा साधा होता. कापूस विकत घ्यायचा, लाकडी रेच्यांवर त्यातली सरकी काढायची, उरलेली रुई उन्हात पसरून खडखडीत वाळवायची, मग गाठी बांधून गाड्यांनी अकोल्याला धाडायच्या. रेच्यांवर वीस-बावीस बाया होत्या, गाठींची तोंडंही त्याच शिवत. शेवटी दादा काळ्या रंगात बुडवलेला लाकडी ठसा प्रत्येक गाठीवर मारी. बैलाचं तोंड, बस, एवढाच आमचा छाप. गाठ त्याच्या नजरेखाली बांधली नसेल तर तो ठसा उचलतही नसे.

बाकीचे काय करत ते सगळ्या गावाला माहीत होतं. वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी शिंपडत, खाली सरकी सरकवत, आणि वर मूठभर पांढरी शुभ्र रुई ठेवून तोंड शिवत. म्हणून अकोल्याचे व्यापारी प्रत्येक गाठ फोडून कोपरापर्यंत हात घालून पाहत. फक्त आमची गाठ उघडत नसत. छाप पाहिला की घेतली. एवढ्या एका गोष्टीसाठी दादानं दहा-बारा वर्षं घासली होती. वडील गेल्यावर मलाही त्यानंच वाढवलं होतं. पण मला त्याचं काय! मला वाटे, न उघडलेली गाठ कुणाला दिसते? दिसतात त्या चांदीच्या शेंब्या.

त्यात त्या हंगामात दवंडी फिरली. सर्वांत जास्त गाठी जो धाडेल त्याला मोठा साहेब भर मांडवात शेला-पागोटं देणार. झालं, माझं डोकं फिरलं. मी दादाच्या मागं लागलो की चार दिवस वाळवण्यापेक्षा एकच दिवस वाळवू, गाठी दुप्पट होतील. तो हसला आणि म्हणाला की पागोटं आपल्या डोक्यावर राहत नाही, वाऱ्यानं उडतं. मला वाटलं हा माझी थट्टा करतो आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग दादा कापूस घ्यायला दर्यापूरकडे गेला, पाच-सहा दिवसांसाठी. ठसा घरातच होता. मी गावातल्याच एकाकडून बांधून तयार असलेल्या एक्केचाळीस गाठी विकत घेतल्या. आत काय आहे पाहायला सवड कुणाला होती? आणि खरं सांगू, मला पाहायचंच नव्हतं. रेचे बंद झाले, बाया घरी गेल्या, तेव्हा मी सगळ्या गाठींवर आमचा छाप मारला. सकाळी गाड्या भरल्या. चाळीस मावल्या, एक उरली. ती अंगणात कोपऱ्यात ठेवून दिली आणि साहेबासमोर वाकायचं कसं याचा विचार करत दोन दिवस हवेत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दादा परतला. त्याच सकाळी बायांमधली सर्वांत जुनी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू, त्या गाठीपाशी थबकली. तिनं शिवणीवरून बोट फिरवलं. मग हाक मारून दादाला म्हणाली, "भाऊ, हा टाका आमच्यापैकी कोणाचाच नाई."

दादानं विळा घेतला आणि शिवण उसवली. वरची मूठभर रुई पांढरी. खाली हात घातला तर पिवळी, ओली आणि गरम, शिजायला ठेवल्यासारखी. कुबट वास अंगणभर पसरला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आणखी किती, एवढंच विचारलं. मी आकडा सांगितला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सरळ गोठ्याकडे गेला आणि दमणीला बैल जुंपू लागला.

 मी त्याच्या मागं जाऊन म्हणालोच, "अकोल्यात आपली गाठ कोणी उघडत नाई. कोणाले कळणार हाय?"

जू उचलता उचलता तो थांबला. "उघडत नाई म्हणूनच जा लागते," म्हणाला. "बस."

वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मूर्तिजापूरला बैल सोडले, त्यानं भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.  हा मला वाटणी देऊन वेगळा काढणार, याची मला खात्रीच झाली. आणि काढलं तर त्याचं काय चुकलं, हेही कळत होतं. वाट संपूच नये असं वाटे.

अकोल्यात पोचलो तेव्हा बाजार भरला होता. आमच्या गाठी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या पडवीत रचलेल्या होत्या. त्यानं त्या नेहमीप्रमाणे छाप पाहून घेतल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या वाटेला लागणार होत्या. दादानं त्याला सांगितलं की गाठी उघडा. म्हातारा हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. तेव्हा दादानंच विळा काढला आणि भर बाजारात पहिली गाठ फाडली. मग दुसरी. मग तिसरी. आतून वाफ निघत होती. लोक जमले. आम्हाला पाण्यात पाहणारे दोघं-तिघं तर हसू दाबायचंही विसरले.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. हे कोणी केलं, असं त्यानं विचारलं.

"छाप माया हाय," दादा म्हणाला. "माया हातून झालं समजा."

त्याची मान खाली गेलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. माझ्यानं राहवलं नाही. पुढं होऊन बोललो, "दादा गावात नव्हता. छाप मी मारला. मले पागोटं पायजे होतं."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दादाला सांगितलं की आजपासून तुमची गाठही उघडूनच घेईन. घ्या, तेच सांगायला आलो, असं दादा म्हणाला. मग आम्ही दोघांनी चाळीसही गाठी आपल्या हातानं भाड्याच्या गाड्यांवर परत चढवल्या.

पागोटं दुसऱ्याला मिळालं. पुढं अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले, आणि तो पागोटंवाला बिचारा रातोरात बुडाला. लोक त्याला हसले. मी नाही हसलो, त्याच्या जागी मी असतो. त्या पडत्या काळात अकोल्यात माल पडून होता, तरी म्हाताऱ्यानं आमचा घेतला. उघडून पाहून घेतला, पण घेतला. आमचे रेचे बंद पडले नाहीत, आज पुतणे चालवतात. पण हे सगळं मागाहूनचं.

त्या दिवशी अकोला मागं पडलं. तेव्हा कुठं दादानं तोंड उघडलं. "मधात काहून बोलला? मी सांगून राहिलो होतो ना."

मी म्हणालो की त्याच्या माथी येत होतं, ते मला पाहवलं नाही. आणि मग दोन दिवस गिळून ठेवलेलं विचारून टाकलं, "मले वेगळं काढतं का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बैलांना नुसतं चुचकारलं.

"परवा घरी पोचलो का अंगणात पसरू सगळं. ज्याच्या गाद्या होतीन त्याच्या गाद्या करू, बाकीचं जाळू. चाळीस गाठी हायत. माया एकट्याच्यानं होत नाई."

मी दमणीत बसल्या बसल्या पोराटोरासारखा रडलो. दादानं मला रडू दिलं.