मंजुळाबाईंच्या ओठांतल्या टाचण्या

ठाण्यात वर्तकनगरच्या एका वसाहतीत समाजमंदिराचा हॉल आहे. त्याच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात बसून मंजुळाबाई बावीस वर्षं साड्यांना फॉल लावतात. मशीन फक्त पिकोपुरतं. फॉल हातानं. आधी काठाला टाचण्या टोचायच्या, मग दोरा. आणि टाचण्या ठेवायची त्यांची जागा म्हणजे तोंड. सात-आठ टाचण्या ओठांत धरलेल्या बाईला ‘हं’पलीकडे काही बोलता येत नाही. समोरची बोलत राहते.

ही सवय मुद्दाम लावलेली. सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एका जावेचं बोलणं दुसरीला सांगितलं होतं, तेही भल्यासाठी. त्या जावांच्या चुली वेगळ्या झाल्या आणि दोघीही साड्या दुसरीकडे द्यायला लागल्या. तेव्हापासून टाचण्या तोंडात.

यंदा मार्च संपता संपता हॉलला दोन कुलुपं लागली. तेरा एप्रिलची संध्याकाळ दोघांना हवी होती: जयंती समितीला दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी, भजनी मंडळाला भजनासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर आधी तारखेवरून सुरू झालं, मग ‘तुम्ही लोक’ आणि ‘आम्ही लोक’ झालं. समितीच्या कुंडलिकांनी एक कुलूप घातलं, मंडळाच्या प्रभाकररावांनी त्याच्या वर दुसरं. आत मंजुळाबाईंचं कपाट, आणि कपाटात प्राचीचा शालू. लग्न रविवारी, डोंबिवलीला.

शुक्रवारी सकाळी प्राचीची आई मंदाकिनी मंजुळाबाईंच्या घरी आली.

“शालू?”

“आत अडकलाय.”

“मग काढा ना! तुमच्याच लोकांनी लावलंय कुलूप.”

“दोन आहेत, ताई. एक तुमच्या लोकांचं.”

“ते मला नका सांगू. पोरगी काय नेसेल, ते सांगा.”

“उद्या पाचला तुमच्या घरी येईल.”

कसा येईल, ते मंजुळाबाईंनाही माहीत नव्हतं.

दुपारी त्या प्रभाकररावांकडे गेल्या. प्रभाकरराव पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे राहतात.

“किल्ली मागायला आला असाल, तर मिळणार नाही.”

मंजुळाबाईंनी सोबत आणलेली एक साडी मांडीवर पसरली आणि टाचण्या ओठांत धरल्या. “हं.”

“तेरा तारीखच का, असं विचारतात मला! गेल्या वर्षी तेरालाच आमची ही गेली. दुपारी हॉस्पिटलमधून मागच्या गेटानं घरी आणली. समोर तुमचा स्पीकर चालू. मी खिडकीत उभा राहून हात केला, बंद करा, बंद करा. आणि हा कुंडलिक खालून हसत हात हलवतो! घरात माणूस गेलंय, आणि हा हसतो!”

“हं.”

“तिच्यासाठी त्या दिवशी भजन ठेवलं, तर माझं चुकलं काय?”

त्यांनी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाज खाली आला होता.

तिथून त्या कुंडलिकांकडे गेल्या. कुंडलिक बसचे मेकॅनिक, नात्यानं लांबचे दीर.

“वहिनी, तुम्हाला त्यांचा शालू दिसतो, आपला अपमान नाय दिसत?”

“हं.”

“दोन वर्षांमागं आमची रंगू हळदीकुंकवाला गेलेली. फळ्यावर लिहिलेलं, सगळ्या वसाहतीला आमंत्रण. तर दारात प्रभाकररावांची बायको विचारते, ‘तुमच्यात चालतं का हो हे?’ रंगू तशीच परत. अरे, कुंकू नका लावू, वाण नका देऊ, पण आत या तरी म्हणा!”

“जाऊ द्या हो,” आतून रंगूबाई म्हणाल्या. “मेलेल्या माणसाचं काय काढता?”

“काढत नाय, म्हणून तर गप्प राहिलो. त्यात गेल्या वर्षी आम्ही स्पीकर लावत होतो, तर प्रभाकररावांनी खिडकीतून हात केला. पहिल्यांदा! मी घरी येऊन हिला सांगितलं. संध्याकाळी कळलं, बायको वारली त्यांची. वाईट वाटलं हो. आणि आता हाच माणूस कुलूप घालतो?”

मंजुळाबाईंचा हात थांबला. खिडकीतून केलेल्या त्या एका हाताची दोन्ही बाजूंची हकीकत आता फक्त त्यांच्याकडे होती. टाचण्या काढून सांगून टाकायची फार इच्छा झाली. त्यांना त्या दोन जावा आठवल्या. दोन्ही घरांत निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, “उद्या चारला हॉलवर या. शालू काढते, मग हवं तर लगेच कुलूप घाला.”

शनिवारी दोघं आले. एकमेकांकडे न बघता दोघांनी आपापलं कुलूप काढलं. मंजुळाबाईंनी आत शालूचा राहिलेला वीतभर फॉल लावला. आता घडी. शालूच्या घडीला दोन माणसं लागतात. त्यांनी टाचण्या तोंडात ठेवूनच एक टोक कुंडलिकांच्या हातात दिलं, दुसरं प्रभाकररावांच्या.

“ताणून धरा,” प्रभाकरराव म्हणाले.

“धरलंय. तुमचा हात वर जातोय. खाली घ्या.”

“त्या दिवशी खिडकीतून हात वर केला, तेव्हा हसला होतात.”

“कधी?”

“गेल्या तेरा एप्रिलला. स्पीकर बंद करा म्हणत होतो मी. ही आत होती. आणलेली.”

कुंडलिकांच्या हातातलं टोक खाली आलं. “आईशप्पथ! मला वाटलं, आम्हाला हात केलात. मी घरी जाऊन सांगितलं हो, प्रभाकररावांनी हात केला!”

शालू दोघांच्या मध्ये झोळीसारखा लोंबत राहिला.

“त्यात सांगण्यासारखं काय होतं एवढं?”

“आमच्या रंगूला तुमच्या घरच्यांनी हळदीकुंकवाच्या दारातून परत पाठवलेलं. म्हणून होतं.”

“कोणी?”

कुंडलिकांनी मंजुळाबाईंकडे बघितलं. फॉल केव्हाच लावून झाला होता, तरी ओठांत टाचण्या तशाच होत्या.

“तुमच्या मिसेसनी,” असं म्हणून त्यांनी दारातलं ते वाक्य सांगितलं.

“ती असं बोलणार नाही.”

“बोलल्या.”

प्रभाकररावांनी एकदा दाराकडे पाहिलं. त्यांचं कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. ते निघतील असं वाटलं. मग त्यांनी हातातलं टोक नीट धरलं.

“परत सांगा. पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.”

पाच वाजता मंदाकिनीनं शालू हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

“ही कसली घडी, मंजुळाबाई? वाकडी आहे.”

“दोन नवख्यांनी घातलीय.”

“आणि कुलुपांचं काय झालं?”

“काय माहीत,” मंजुळाबाई म्हणाल्या. “मी निघाले, तेव्हा कुंडलिकच बोलत होते.”