मंडळीला कोमट पाणी

कुठल्या तोंडानं सांगू, हा प्रश्न आहेच. पण आमच्या गल्लीत हा किस्सा माझ्या माघारी इतक्या जणांनी इतक्या परींनी सांगितलाय, की मूळ प्रत मीच दिलेली बरी. जन्मभर कारकुनी केली. अस्सल कोणती आणि नक्कल कोणती, एवढं मला कळतं. त्यापलीकडं फारसं कळत नाही, हे पुढं दिसेलच.

थंडीचे दिवस होते. आपल्या संभाजीनगरच्या उन्हाळ्याचा लौकिक एवढा मोठा, की इथं थंडीही पडते हे बाहेरच्यांना पटत नाही. पण त्या आठवड्यात अशी पडली, की क्रांती चौकात सिग्नल सुटला तरी रिक्षावाले चहाच्या टपरीची शेगडी सोडायला तयार नव्हते. आणि नेमकं आमच्याकडं बांधकाम काढलेलं.

मुक्ताचं, म्हणजे आमच्या मुलीचं लग्न ठरेल, पाहुणे येतील, वर एक खोली हवी, हे बायकोचं म्हणणं. लग्न अजून ठरलेलं नाही, हे माझं म्हणणं. अर्थातच खोली सुरू झाली.

मुलगा मुक्तानं स्वतःच पसंत केलेला, तिच्याच ऑफिसातला. त्याला आईवडील नाहीत, लासूर स्टेशनच्या मामांनी वाढवलेला. मामा निवृत्त हेडमास्तर. होकार त्यांनी द्यायचा, आणि ते कितीतरी दिवस नुसतं ‘बघू’ म्हणत होते. ‘बघू’ या शब्दाखाली किती प्रकरणं कुजतात ते मला विचारा, मीच कुजवली आहेत. मुक्ता बिचारी संध्याकाळी घरी आली की फक्त माझ्या फोनकडं बघायची, मग माझ्याकडं, मग आत जायची.

आता दुसरे मामा. आमची गल्ली अशी, की टेम्पो आत शिरला तर बाहेर पडायला त्याला मुहूर्त काढावा लागतो. त्यामुळं वाळू-विटा येतात त्या गाढवांवरून. गाढवांचे मालकही लासूरकडचेच, आणि सगळी गल्ली त्यांनाही मामाच म्हणते. फोनमध्ये मी दोघांचीही नोंद एकसारखी केली होती. ‘मामा लासूर’, आणि त्याखाली पुन्हा ‘मामा लासूर’. मुक्तानं ते एकदा पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, घोळ होईल.”

मी म्हटलं, “आवाजावरून कळतं गं.”

हे वाक्य लक्षात ठेवा.

शनिवारी सकाळी गाढववाले मामा एकटेच आले, घोंगडी पांघरून, घसा पार बसलेला. म्हणाले, “साहेब, बहिणीकडं फर्दापूरला जायाचंय. दोन दिस मंडळीला तुमच्याकडं ठिवू का? उघड्यावर लई गारठा हाये.”

तुम्हीच सांगा, शिकल्यासवरल्या माणसानं ‘मंडळी’ म्हणजे काय समजायचं? आमच्या वडिलांनी हयातभर आईला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. मी म्हटलं, विचारता काय, घर आपलंच आहे. बायको बाहेर आली. तिनं खाण्यापिण्याचं पथ्य विचारलं.

“काय बी चालतं ताई. पर पानी तेवढं कोमट द्या. थंडीत गार पानी तोंडाला लावत नाय मंडळी, अन् पानी पोटात गेलं नाय की पोट धरून पडती.”

बायकोला फार कणव आली. तिनं माळ्यावरच्या दुलया काढल्या, उन्हात घातल्या. नाजूक पोटाच्या बाईसाठी मऊ भात टाकला. पहिल्यांदाच येतायत म्हणून हळदीकुंकवाचं तबक काढून ठेवलं.

दिवेलागणीला फाटक वाजलं. बायको तबक घेऊन पुढं, मी मागं. दार उघडलं तर समोर तीन गाढवं.

मी थक्क झालो, असं म्हटलं तर ते फार सौम्य होईल. मी त्यांच्यामागं एखादी बाई दिसते का, ते वाकून पाहिलं. मागं फक्त कडब्याच्या पेंढ्या होत्या आणि मामा.

“मामा, ही... गाढवं?”

“हळू साहेब. त्यांच्या म्होरं तसं म्हनू नका. आमच्या घरात मंडळीच म्हनत्यात.” मग त्यांनी ओळख करून दिली. पुढची करडी ती थोरली. बाकी दोघी तिच्या मागं चालतात. थोरली पाणी प्याली तर सगळ्या पितात, ती नाही प्याली तर कुणीच नाही.

मऊ भात आम्हीच खाल्ला.

पण एकदा हो म्हटलं म्हणजे म्हटलं. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिघींची सोय केली. कडबा बारीक करून टाकला, अंगावर गोणपाट टाकलं. नुकत्याच रिकाम्या झालेल्या सिमेंटच्या पोत्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. खरी अडचण पाण्याची. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते मी सांगत नाही, बाहेरगावच्या वाचकांना थापा वाटतील. टिपाडात साठवलेलं पाणी बर्फासारखं. थोरलीनं ते हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. अशी नजर मी साहेबांच्या केबिनमध्ये पुष्कळ वेळा झेललेली होती. मग अडगळीतला बंब काढला, पाणी तापवलं, चिमूटभर मीठ टाकलं, बायकोची नवी बादली भरली. तेव्हा कुठं बाईसाहेबांनी तोंड घातलं, आणि पाठोपाठ दोघींनी. तिघींची डोकी एका बादलीत! मला इतका आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

रविवारी सकाळी पुन्हा तेच. बंब पेटवला, बादलीतून वाफा निघतायत, माझा चष्मा वाफेनं पांढरा झालेला, आणि फोन वाजला. डोळ्यांजवळ धरला. ‘मामा लासूर’. आवाज बसलेला, घोगरा.

“नमस्कार. काय, मंडळी पोचली का?”

“पोचली म्हणजे? कालपासून इथंच आहे,” मी म्हटलं.

“कालपासून? बरं झालं. फोन लागंना, म्हणून म्हटलं विचारावं. त्रास नाही ना झाला तुम्हाला?”

“त्रास कसला. मागं पत्र्याच्या शेडमध्ये सोय केलीय.”

“शेडमध्ये?”

“घरात कुठं घेणार? आमच्या हिनं आधी दुलया काढल्या होत्या, पण मंडळी बघितली आणि परत ठेवल्या. गोणपाट टाकलंय अंगावर. चांगली ऊब धरतं.”

रेंज गेली असेल असं समजून मी आवाज चढवला. म्हटलं, काळजी करू नका, गार पाणी घेईनात, तर कोमट करून दिलं, मीठ टाकून. तिघींनी एकाच बादलीत तोंड घातलं.

पलीकडून बारीक आवाज आला. “अन्... थोरली?”

“थोरलीचं विचारू नका. माझा मफलर चावून खाल्ला. वर एक लाथही घातली. मी मनावर घेतलं नाही.”

तेवढ्यात शेडमधून थोरलीनं सूर लावला. तुम्ही तो आवाज ऐकलाय, मी वर्णन करत नाही.

“हे कोन वरडतंय?” पलीकडचा माणूस आता जवळजवळ कुजबुजत होता.

“थोरलीच. भूक लागली की असंच करते.” आणि मग, का कोण जाणे, मला सल्ला द्यायची उबळ आली. सेवानिवृत्त माणसाला ती दिवसातून दोनदा येतेच. मी म्हणालो, “मामा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. थोरलीचं आता वय झालंय. विकून टाका, आणि एखादी तरुण घ्या.”

“कारकूनसाहेब,” पलीकडून एकेक अक्षर सुटं सुटं आलं, “मी लासूरचा हेडमास्तर बोलतोय. आमच्या घरात थोरली म्हणजे माझी बायको.”

मी चष्मा पुसला. खरं तर आता पुसून उपयोग नव्हता.

झालं होतं असं. मामी आणि त्यांच्या दोन जावा आदल्या संध्याकाळीच लासूरहून निघाल्या होत्या. रात्री इथल्या भाचीकडं राहून, सकाळी न कळवता आमच्याकडं टपकायचं, मुलीला घरच्या अवतारात पाहायचं, असा बेत. मामींचा फोन बंद. तिघी निघाल्या, तिघी पोचल्या. हिशेब अगदी बरोबर जुळत होता, नुसत्या बायका वेगळ्या होत्या.

मी तोंड उघडलं आणि काही बोलणार, तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं. वळून पाहतो तर मुक्ता. चेहरा पांढराफटक. तिच्यामागं काठापदराच्या नऊवारीत एक भारदस्त बाई, हातात पेरूंची पिशवी. त्यांच्यामागं आणखी दोन. फाटक उघडंच होतं. पत्र्याच्या शेडपाशी माणूस मोठ्यानं बोलत असेल, तर पाहुणे तिकडंच येणार.

“शेवटलं वाक्य तेवढं ऐकलं,” मामी म्हणाल्या. “कुनाला विकताय?”

मी बोट दाखवलं. शेडमध्ये गोणपाट पांघरलेली थोरली माझ्या मफलरचा उरलेला भाग चघळत होती. फोनमधून मास्तर अजून ‘हॅलो, हॅलो’ करत होते. मी तो फोन मामींच्या हातात दिला.

मामींनी ऐकून घेतलं. बराच वेळ. मधेच एकदा त्यांनी बादलीकडं पाहिलं, एकदा गोणपाटाकडं, एकदा माझ्याकडं. मुक्ताचे दोन्ही हात ओढणीत अडकले होते. मला वाटलं, गेलं. एका शब्दापायी मुलीचं गेलं.

मग मामी फोनमध्ये म्हणाल्या, “अहो, मी उभी हाये हितं, अजून कुनी नेली नाय. अन् व्याही म्हनतात तर म्हनू द्या. तरुण घ्यायची तर घ्या की, पर तुम्हाला कोन देतंय ते आधी बघा.”

जावा हसायला लागल्या. मी मात्र काहीच ऐकत नव्हतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोनं त्या वाक्यातला एकच शब्द उचलला होता. व्याही! ती साखरेचा डबाच घेऊन धावत आली, वाटी शोधायलाही थांबली नाही. मामी ‘अगं, चुकून गेलं तोंडातून’ म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडात साखर होती. मास्तरांनी ‘बघू’ म्हणायला फोनमध्ये तोंड उघडलं असेल, तर ते कुणाला ऐकू आलं नाही.

मुक्तानं मला एवढंच सांगितलं, “बाबा, लग्न होईपर्यंत फोन माझ्याकडं.”

तो तिच्या हाती जाण्याआधी दुपारी आणखी एकदा वाजला. ‘मामा लासूर’. घोगरा आवाज. “मंडळी कशी हाये?”

मी विचारलं, “आपण कोणते मामा?”

“गाढववाला हाये साहेब.”

“पुरावा काय?”

पुढं साखरपुडा लासूर स्टेशनला झाला. थंडी अजून होतीच. आम्ही फाटकातून आत शिरलो, तर मास्तर बाजूला गंभीर उभे आणि दारात मामी. हातात नवी कोरी बादली, तिच्यातून वाफा निघतायत.

“या व्याही. गारठा लई हाये, अन् तुमचं पोट नाजूक. मीठ घातलंय.”

सगळी मंडळी, म्हणजे माणसंच, गोल करून बघत होती. भांडं, वाटी, काही दिलेलं नव्हतं.

मी मुक्ताकडं पाहिलं, नवा मफलर सावरला, वाकलो आणि बादलीत तोंड घातलं. थोरलीनं निदान आधी हुंगून पाहिलं होतं.