सातव्या जागेवरचा आवाज

माझ्या अकोल्याच्या साडूंसारखा ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे वाक्य मी तीन वर्षांपूर्वीच अमरावतीत चारचौघांसमोर बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. अकोल्यात त्यांचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मोटार खोलायच्या आधी ते ती सुरू करून कान लावतात, डोळे मिटतात आणि समोरच्या शेतकऱ्याला सांगतात, "बेअरिंग गेलं बापा हिचं. दोन महिन्यांपासून बोंबलून राहिली, तुमी ऐकलंच नाई." हाच कान त्यांनी गाण्यांना लावला. त्यांच्या मोबाइलमध्ये कव्वाल्या, खंजिरीवरची भजनं, लग्नातल्या बँडच्या धून आणि कुठल्याशा वाळवंटातल्या बायका पाण्याला जाताना म्हणतात ती गाणी, सगळी एका पंगतीला बसलेली. दर गुरुवारी सकाळी ते प्रत्येकाला वेगळी यादी पाठवतात, आणि तीही माणूस बघून. दाताच्या डॉक्टरांना त्यांनी नुसती बासरी पाठवली, खाली लिहिलं, "तुमचं मशीन ऐकून ऐकून तुमचेच कान किटले असतीन." स्वतःच्या थोरल्या मुलीला वरूडचं स्थळ आलं तेव्हा संत्र्याची बाग किती एकर, हे विचारायचं सोडून त्यांनी मुलालाच यादी पाठवली. चार दिवसांनी मुलगा घरी येऊन म्हणाला, "काका, चौथं गाणं मले बिलकुल नाई आवडलं." साडू उठून उभेच राहिले. बायकोला म्हणाले, "साखर आण व. पोट्टं खोटं बोलत नाई." त्या बैठकीला मी हजर होतो. त्यांच्या प्रत्येक यादीला 'अप्रतिम' असं उत्तर धाडणारा मी, तेव्हा चहाच्या कपात बघत होतो.

यादीत गाणी सहाच असायची. सातव्या जागी त्यांनी स्वतः टिपलेला एखादा आवाज असायचा. कधी संत्र्यांचा लिलाव, कधी चांदूर बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईची हाक, कधी दुरुस्त झालेली मोटार सुरू होऊन कोरड्या पाइपातून पहिलं पाणी येतं तेव्हाची धाप. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "सहा गाणे दुनियेचे, साडभाऊ. सातवं आपल्या घरचं. नाईतर सारं घर पाहुण्यायनंच भरलं, अन् घरचं कोणीच नाई."

मला त्या सातव्याची लाज वाटायची. निवृत्त झाल्यावर आम्ही दहा-बारा जण रविवारी सकाळी बागेत जमून गाणी ऐकतो. त्यात प्राध्यापक आहेत, वकील आहेत. त्यांना बांगडीवालीची हाक कशी ऐकवायची? एका रविवारी मी साडूंची यादी लावली, ती सातवं पुसून. कुणीतरी विचारलं, "निवड कुणाची हो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझीच." एकदा निघालं ते निघालं. पुढे दोन वर्षं मी दर रविवारी सातवा आवाज पुसून टाकत राहिलो आणि उरलेली सहा गाणी माझी म्हणून ऐकवत राहिलो. मंडळी मला रसिक म्हणू लागली, आणि मला ते खरंही वाटू लागलं.

माझी पंच्याहत्तरी झाली तेव्हा मंडळींनी बागेतच शाल-श्रीफळ दिलं. त्या सकाळी साडू पहिल्या एसटीनं आले. बायकोनं मला न सांगता त्यांना बोलावलं होतं. मी नेहमीसारखी 'माझी निवड' म्हणून यादी लावली, आणि शेवटच्या खुर्चीवर डोळे मिटून त्यांनी स्वतःची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. टाळ्याही वाजवल्या. वकिलांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आमचे साडू. मोटारी दुरुस्त करतात." वकील त्यांच्याकडे वळून म्हणाले, "मग तुम्हालाही गाण्याची आवड आहे का?" मी खांद्यावरची शाल घट्ट धरली. साडू म्हणाले, "थोडीशीक हाये. यायच्याकडूनच ऐकून राहिलो."

बसस्थानकावर पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "साडभाऊ, सहाच कावून लावले?"

"वेळ कमी होता," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले, आणि गाडीत बसले.

पुढच्या गुरुवारी यादी आली. सहा गाण्यांची. त्यानंतर सातवं कधीच आलं नाही. त्यांनी राग धरला नाही की अबोला. दिवाळीला दोघं फराळाला आले, आमच्या पाण्याच्या मोटारीला कान लावून "ठीक चालून राहिली" म्हणाले, चिवडा मागून घेतला. गुरुवार मात्र सहावर थांबायचा.

गेल्या रविवारी वरचं सगळं मी बागेत वाचून दाखवलं आणि शाल घडी करून टेबलावर ठेवली. मग वकीलच म्हणाले, "त्यातलं एखादं सातवं तरी आम्हाला ऐकवा." माझ्याकडे एकही नव्हतं. सगळी माझ्याच बोटानं पुसली होती.

घरी येऊन हाच मजकूर साडूंना पाठवला. खाली लिहिलं, "सातवं पाठवा." दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही. उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर नाहीच.

आज मंगळवार. मोबाइलचा आवाज मी पूर्ण वाढवून ठेवला आहे.