पहिल्याच धड्यावरचे सिंधू सर

आमच्या सिंधू सरांचा इतिहास पहिल्या धड्याच्या पुढे लवकर सरकतच नसे. पहिला धडा म्हणजे सिंधू आणि नाईल, दोन नद्यांकाठच्या दोन जुन्या संस्कृतींची तुलना. त्यासाठी सरांनी फळ्याच्या मधोमध ऑइलपेंटने कायमची उभी रेघ मारून घेतली होती. डावीकडे सिंधू, उजवीकडे नाईल. त्यावरूनच पोरांनी त्यांना सिंधू सर म्हणायला सुरुवात केली होती. गणिताच्या सरांची उदाहरणं त्या रेघेवर येऊन अडायची आणि ते चिडायचे. सिंधू सर खुर्चीत बसून नुसते डोळे चोळायचे. माणूस मुळातच थकलेला दिसायचा.

शिकवतानाही त्यांचा आवाज चढत नसे. "नाईलवाल्यानं राजासाठी पिरॅमिड बांधला. सिंधूवाल्यानं लोकांसाठी नाली बांधली. आता सांगा, कोणाचं बरं?" आम्ही एका सुरात पिरॅमिड म्हणायचो. सर सुस्कारा सोडायचे. "घरासमोरचा चिखल तुडवत आले नं आज? मंग पिरॅमिड काऊन पाहिजे तुम्हाले?"

देवरीकडच्या आमच्या गावात शाळा उघडायची आणि मागोमाग रोवणा लागायचा. धानाची रोपं लावायला आयांबरोबर आम्ही पोरीही बांधीत, चिखलाच्या खाचरात, उतरायचो. महिनाभर अर्धा वर्ग रिकामा. उरलेल्यांना सर पहिला धडा शिकवायचे. थोड्या पोरी परतल्या की पुन्हा पहिला, सगळ्या आल्या की तिसऱ्यांदा तोच. शाळेत बसून राहिलेली पोरं पार कंटाळून जायची आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

एकदा चाचणीत मी लिहिलं की नाईलचा पूर ओसरला की तिथल्या गाळात बाया ओळीनं वाकून धान रोवत. सरांनी उत्तरावर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'गाळ बरोबर.' मग जवळ बोलावून म्हणाले, "अवं, ते गहू पेरत होते. कंबर तुझ्या मायचीच मोडून राहिली."

मी आठवीत होते तेव्हा रोवणा लांबला. आईने एका संध्याकाळी सांगून टाकलं, "मयनाभर गेली नाही, आता काय समजणार तिले? राहू दे शाळा." मी खूप रडले, पण मनातून मलाही तिचं खरं वाटत होतं. मैत्रिणीने ही गोष्ट सरांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी सर चपला हातात धरून, चिखल तुडवत आमच्या शेताच्या धुऱ्यावर आले. "बाई, तिचं काहीच बुडलं नाही. आमी पयल्याच धड्यावर आहो. कोणीच पुढं गेलं नाही." सोमवारी मी वर्गात होते.

त्याच वर्षी पोळ्याच्या आधी तपासणीला साहेब आले. "ऑगस्ट संपत आला आणि अजून पहिलाच धडा?"

"रोवणा आताच संपला, साहेब. पोरींची शाळा आता सुरू होऊन राहिली."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. उन्हाळ्यात सरांची बदली झाली, पार छत्तीसगडच्या हद्दीजवळ, जंगलातल्या शाळेवर. बस सुटताना मी पाया पडले तर म्हणाले, "रडू नको वं. तिथंबी धानच आहे." चारेक वर्षांनी ते गेल्याचं कळलं. तेव्हा मी डी.एड. करत होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता मीही इतिहास शिकवते. माझा अभ्यासक्रम दर वर्षी वेळेवर संपतो, बैठकीत त्याचं कौतुकही होतं. रोवण्याहून परतलेल्या पोरींना मी सांगते, कुणाची तरी वही घ्या आणि उतरवून काढा. सरांसारखी हिंमत माझ्यात नाही, आणि खरं सांगायचं तर मी आताच थकले आहे. यंदा त्यांतली एक पोरगी तीन दिवस आली, मागच्या बाकावर वही उघडून बसली आणि मग आलीच नाही. तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. मी गेले नाही. जाऊन तिच्या आईला काय सांगणार होते? वर्ग चौथ्या धड्यावर होता.