‘डं’ माझा

धाकटीच्या हातात इस्त्री तापली होती, आणि पोटात त्याहून मोठा निखारा होता. लॉन्ड्रीच्या टेबलावर झगमगबाईचं काळं जाकीट पसरलेलं. गाण्यांच्या अल्बमवरच्या फोटोत बाई तेच घालणार होती.

झगमगबाई हे नाव धाकटीनेच पाडलं होतं. एकेकाळी बाई चमचमते कपडे घालून पॉप गाणी म्हणायची, दुकानादुकानांत वाजायची. मग तिला त्याचा वीट आला आणि ती दादाच्या रॉक बँडमध्ये शिरली. दादाचं गिटार, वहिनीचे ड्रम आणि धाकटीचा गळा, असं वर्षानुवर्षं गॅरेजात चाललं होतं. कुत्रं विचारत नव्हतं. बाई आली आणि लगेच पहिला अल्बम ठरला. धाकटीला सांगितलं, तू मागे उभी राहून ‘आ आ’ कर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

“जाकीट जळेल हं,” वहिनी म्हणाली. “का तूच जळतेयस?”

“मी कशाला जळू? माझं मेलीचं काय आहे तिथे?”

होतं ना. ‘दार उघडं ठेव’ हे गाणं तिनेच इस्त्री फिरवता फिरवता रचलं होतं. आज ते रेकॉर्ड व्हायचं होतं, बाईच्या आवाजात.

स्टुडिओ कसला, भिंतींना स्पंज ठोकलेली खोली. काचेपलीकडे बाई गायला लागली. “दार उघ...” थांबली, श्वास घेतला, “...डं ठेव.”

रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उठलाच. “वा! काय तोडलाय शब्द! याला म्हणतात कला.”

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. दार ढकलून ती थेट आत.

“कसली डोंबलाची कला! मला दम लागला होता तिथे!”

दादाने गाणं मोबाइलवर घेतलं तेव्हा तिला सणसणीत सर्दी झाली होती. शब्दाच्या मधेच श्वास तुटला. बाईने तेच ऐकून ऐकून पाठ केलेलं, चुकीसकट.

बाई खो खो हसली. “म्हणजे इतके दिवस मी तुझी सर्दी गातेय होय गं?” मग हसू ओसरलं. “मला वाटलं, गाण्याचा जीव तिथेच आहे. आमच्या जुन्या गाण्यांत मशीन श्वास पुसून टाकायचं. मी दमलेली कुणाला ऐकूच आले नाही कधी.”

“मग स्वतःचा दम शोधा. हा माझा आहे.”

“अगं, काय लहान पोरासारखं!” दादा ओरडला.

“दादा, गाणं घेतलंत, मी ब्र काढला नाही. श्वास नाही देणार.”

बाईने कानांवरचे हेडफोन काढून पुढे केले. धाकटीला वाटलं, अख्खं गाणंच परत मिळतंय. पण बाईने ते सोडलेच नाहीत.

“‘उघ’पर्यंत मी. ‘डं’ आणि पुढची ओळ तू. सगळं द्यायला मी काही संत नाही. तुझा गळा ऐकल्यापासून मलाही सुखाची झोप नाही.”

हे ऐकून मात्र धाकटीला जे बरं वाटलं, ते औषधानेही वाटलं नसतं.

अल्बम आला. मुखपृष्ठावर बाई, जाकिटाला कडक इस्त्री. बाहीच्या आत करपल्याचा एक डाग आहे, पण तो फोटोत दिसत नाही.

गिऱ्हाईकं कपडे न्यायला येतात, म्हणतात, “त्या बाईंचं ‘दार उघडं ठेव’ काय सुंदर आहे हो!”

धाकटी शर्टाची घडी घालत म्हणते, “बाईंचं ‘उघ’पर्यंतच. ‘डं’ माझा. आणि ‘डं’ नसेल तर दार उघडणार कसं?”