सहाव्या कार्डावरचा शब्द

सहा परीक्षकांची सहा कार्डं होती. पाचांवर इंग्रजी वाक्यं, सहाव्यावर एकच शब्द, कॅपिटल अक्षरांत. के, एच, ए, व्ही, ए, टी.

"कव्हॅट," टीममधल्या माझ्या जोडीदाराने वाचून बघितलं. "हा काय सॉसचा ब्रँड आहे?"

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी पहिल्या पाच कार्डांवर भडकले होते. एकावर लिहिलं होतं, 'साबणासारखी चव'. दुसऱ्यावर, 'विचित्र मसाला, हे बार्बेक्यू नव्हे'. बार्बेक्यू स्पर्धेच्या चिकन गटात आम्ही शेवटून दुसरे आलो होतो. मिल्टन कीन्सबाहेरच्या त्या मैदानात, कोळशाच्या पोत्यावर बसून, मी फोनवर पत्रक लिहायला घेतलं. मथळा तयार होता: 'आमची जीभ परकी नाही'. खाली तीन मागण्या. परीक्षकांच्या टेबलावर कोण बसतं ते जाहीर करा, ही पहिली.

पत्रकं लिहिणं हे माझं कामच आहे. ओल आलेल्या भाड्याच्या घरांसाठी आम्ही कौन्सिलशी भांडतो. पहिल्या ओळीत आरोप, मग पुरावा, शेवटी मागणी, असं मला शिकवलं गेलंय आणि मी तसंच लिहिते. मी लोकांच्या घरात जाते, भिंतीला नाक लावते आणि वॉलपेपरमागे बुरशी आहे की नाही ते सांगते. घरमालक म्हणतो, नुसता पेंट उडालाय. मी म्हणते, वास येतोय. हे नाक मला आईकडून मिळालं. आणि त्या दिवशी परीक्षकांकडे गेलेल्या आमच्या चिकनच्या डब्यात पणाला लागलं होतं ते आईचंच नाक, हे त्या पोत्यावर बसले तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आई भूलतज्ज्ञ होती. रिटायर झाली, बाबा गेले, आता लंडनच्या कडेला, पिनरच्या घरात एकटी असते. जिच्या एका शब्दावर सर्जन हात धुऊन थांबायचे, तिला आता आठवड्यातून दोन फोन येतात आणि त्यातला एक माझा असतो. तिच्याकडून कुणाला काही हवं असेल तर ते मला, आणि तेही एकच: गोडा मसाला. तो ती वासावर करते. धने भाजताना खिडकीकडे तोंड करून उभी राहते आणि म्हणते, "आता. बंद कर." मोजमाप नाही, घड्याळ नाही. डब्यात भरेपर्यंत एक कणही जिभेवर ठेवत नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, उष्टं होतं, हा आमच्या घरातला नियम. देवघर गॅरेजच्या शेल्फवर गेलं तरी नियम राहिला.

बार्बेक्यूत मी पडले ती घरांच्या मोहिमेमुळेच. एका हाउसिंग इस्टेटच्या मीटिंगला माणसं यावीत म्हणून आम्ही अंगणात चिकन भाजलं, तर माणसं आली आणि चिकनपाशीच थांबली. माझा जोडीदार तिथेच भेटला. स्लाऊच्या वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, घरी गुजराती बोलतो, माझ्याशी इंग्लिश. जन्मात मांस खाल्लेलं नाही. त्याला फक्त आग आवडते. तेलाचा जुना ड्रम कापून त्याने धुरावर भाजायचा स्मोकर बनवला, चेरीचं लाकूड कुठून आणायचं ते शोधलं, आणि म्हणाला, "खाणं तुझं डिपार्टमेंट."

स्पर्धा म्हणजे काय ते सांगते, कारण घरच्यांना सांगितल्यावर ते हसतात. चिकनच्या सहा मांड्या, सगळ्या एका मापाच्या. कातडी सोलून तिच्या आतली चरबी सुरीने खरवडायची, पुन्हा मांडीवर ताणून बसवायची, म्हणजे परीक्षकाने चावा घेतल्यावर ती ओढून निघत नाही. याला मला सव्वा तास लागतो. मग मसाला, धूर, वरून चकाकीसाठी गोडसर ग्लेझ. शेवटी फोमच्या डब्यात पार्स्लीच्या पानांच्या गादीवर सहा मांड्या ठेवून दहा मिनिटांच्या आत टेबलावर पोचवायच्या. डब्यावर फक्त नंबर. कुणाचं आहे ते कुणाला कळत नाही.

बाकीच्या टीम आठ-नऊ मांड्या भाजतात आणि त्यातल्या चाखून बघतात. आम्हीही नऊ भाजतो, पण त्या रूप बघून निवडायला. आमच्या टीममध्ये एक शाकाहारी, आणि दुसरी मी. डबा जायच्या आधी मी एकही तुकडा कधी तोंडात घातला नव्हता. मला ते विचित्र वाटलंच नाही. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मी वासावर जाते. खरं म्हणजे त्या डब्याला मी मनातल्या मनात नैवेद्याचं ताट केलं होतं. देव मानत नाही, सभेत तसं सांगते, आणि परीक्षकांच्या आधी जेवायला मात्र हात धजत नाही.

त्या दिवशीचा मसाला आईने नवीन केला होता. आधीचा संपला म्हणून मी मागितला, तिने बरणी दिली. मी ती उघडली ती थेट पेटलेल्या ड्रमच्या बाजूला, पहाटेपासून धुरात उभी राहिल्यावर. तेव्हा माझ्या नाकाला धुराशिवाय काही कळत नव्हतं. आईचा आहे, म्हणजे बरोबरच असणार.

जोडीदाराने कार्ड पुन्हा माझ्यापुढे धरलं. "हे तरी वाच. के-एच मध्ये काहीतरी आहे. तुमच्यात के-एच खूप असतात."

मी वाचलं. मोठ्याने. मग परत एकदा, आणि या वेळी ऐकू आलं.

खवट.

मला इतका धक्का बसला की मी उठून उभी राहिले आणि काय करायचं ते न सुचून परत बसले. बकिंगहमशरच्या एका मैदानात, काउबॉय हॅट घातलेल्या माणसांच्या टेबलावर, कुणीतरी मला मराठीत सांगत होतं की माझ्या मसाल्यातलं खोबरं खराब आहे.

"शिवी आहे का?" जोडीदाराने विचारलं.

"नाही."

"मग असा चेहरा का झाला?"

परीक्षक चहाच्या तंबूत बसले होते. तो कोण, हे विचारावं लागलं नाही. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायात स्पोर्ट शूज, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, बशीत चहा ओतून पीत होते. मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

त्यांनी कार्डाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "अरे वा. मुलगी आहे. मला वाटलं कुणी जावईबापू असतील. बैस."

"इंग्लिशमध्ये का नाही लिहिलंत?"

"रॅन्सिड लिहिलं असतं तर तुमच्या नावापुढे राहिलं असतं. ही कार्डं आयोजक वाचतात. दगडफूल लागलं जिभेला, म्हटलं करणाऱ्याला मराठी येत असणार. ज्याला कळायला हवं त्याला कळेल, बाकीच्यांना कशाला?"

माझ्या खिशातल्या फोनवर या माणसाचं नाव जाहीर करा अशी मागणी लिहिलेली होती.

"खवट नाहीये ते," मी तरीही म्हणाले. "आमच्या आईचा मसाला आहे."

"चाखलास?"

मी कार्ड उलटं करून ठेवलं.

"बरणी आण."

मी आणली. त्यांनी नळावर मला हात धुवायला लावले, धुराचं जॅकेट काढून लांब ठेवायला लावलं आणि माझ्या तळहातावर चिमूटभर मसाला घातला. "वास नको घेऊस. जीभ लाव."

लावली. आधी धने, मग लवंग, आणि मग ते. जुन्या तेलाचं, कपाटातल्या मेणबत्तीसारखं, घशाला चिकटणारं. पाच इंग्रज बरोबर होते. साबण म्हणणारा तर अगदी बरोबर होता. मी त्याला वंशवादी ठरवून मोकळी झाले होते.

"आईला वास आला नाही का गं भाजताना?" काकांनी सहज विचारलं. "एवढं खवट खोबरं भाजलं तर घरभर होतं."

मी म्हणाले, "तिचं नाक फार तीक्ष्ण आहे." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच मला दुसरी गोष्ट आठवली.

बार्बेक्यू सुरू केल्यावर मी पिनरला गेले की आई दारातच अडवायची. "थांब तिथेच. ते जॅकेट बाहेर टाक. आधी अंघोळ, मग तोंड उघड." दर वेळी. मी वैतागायचे, धुरावरून वाद घालायचे. मग गेल्या हिवाळ्यापासून तिने ते बंद केलं. मी धुराने भरलेली आत येऊन सोफ्यावर बसायचे आणि ती चहा आणायची. मी जोडीदाराला सांगितलं होतं, जिंकले एकदाची, आईने माझा छंद मान्य केला. मला त्याचा आनंद झाला होता. खरंच झाला होता.

काकांना थँक्यू म्हटलं की नाही, आठवत नाही. जोडीदाराने ड्रम विझवला आणि म्हणाला, "तू जा, मी आवरतो." एम वन मोटरवे पकडून मी पिनरला पोचले तेव्हा आई बागेतून आत येत होती.

"लवकर आलीस. काय झालं निकालाचं?"

मी दारातच उभी राहिले. अंगावर तेच जॅकेट. पहाटेपासूनचा धूर, चरबी, घाम, सगळं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"ये ना आत. उभी काय?"

"आई, माझ्या अंगाला कसला वास येतोय?"

ती थांबली. डॉक्टर आहे, प्रश्न कुठून आला ते तिला लगेच कळलं. "धुराचा," ती म्हणाली. "दुसरा कसला येणार."

"मी साबणाने अंघोळ करून आलेय."

हे मी खोटं बोलले. पुढे कधी सांगावं लागलं तर लाज वाटेल असं खोटं. तिने माझ्याकडे पाहिलं, गालावरची काजळी दिसली तिला, आणि ती हसली. पण हसण्याआधी एक क्षण ती घाबरली होती, आणि ते मी बघितलं.

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना, दिवाळीनंतर. वाटलं, येईल परत."

"नऊ-दहा महिने झाले, आई. घरात गॅस आहे. तू एकटी असतेस."

"बटण दोनदा बघते मी. रोज. ओरडू नकोस."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतंस." ती किचनमध्ये गेली, मी मागे. "आणि मसाला मागितलाच नसतास. मेलीने दुकानातला आणला असता."

मग ती सांगत गेली, केसपेपर वाचल्यासारखी. धने रंगावर भाजले. तीळ तडतडण्यावर. खोबरं तांबूस होईपर्यंत, ओव्हनचा टायमर लावून. घरभर वास सुटला असेल असं समजून खिडकी उघडली, सवयीने, आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. "चाखून बघायचं मनात आलं होतं," ती म्हणाली. "पण नैवेद्याआधी कसं चाखणार?"

मला वाटलं होतं मी ओरडेन. मी दिवसभर लोकांच्या भिंती हुंगते. या घरात दर पंधरवड्याला येते, इथे जेवते, भाजीत हिंग जास्त पडलं तर चेष्टा करते, आणि माझ्या लक्षात आलं नाही. घरमालकांना मी म्हणते, तुम्हाला कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं? हा प्रश्न मी छापून वाटलाय.

"चिकन कितवं आलं?" आईने विचारलं.

"शेवटून दुसरं."

"मसाल्यामुळे?"

"हो."

ती मान हलवून कपाटाकडे गेली. बॉयलरच्या वरचं, घरातलं सगळ्यात गरम कपाट. तिथून तिने खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी काढली, ओट्यावर ओतली आणि सुरीने पहिल्या वाटीचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"चाख."

"नैवेद्य?"

"नैवेद्य मी बघते. तू चाख."

मी चाखलं. "खवट."

तिने वाटी फूड वेस्टच्या डब्यात टाकली. दुसरी. "खवट." तिसरी, चौथी. पाचव्या वाटीला तिचा हात किंचित थांबला. पिशवीत तीच शेवटची होती. मी तुकडा तोंडात घेतला. फार नाही, कडेला जरासं लागत होतं, भाजल्यावर कदाचित कळलंही नसतं.

"ही बरी आहे," मी म्हणाले.

आईने ती वाटी फिरवून बघितली, नाकाशी नेली, खाली आणली. "खरं सांग," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून सांगू नकोस. जिभेवर आहे ते सांग."

मी दुसरा तुकडा चावला. या वेळी डोळे मिटून.

"खवट आहे, आई."

तिने ती वाटीसुद्धा डब्यात टाकली, झाकण लावलं, आणि सोमवारी ताजं खोबरं आणायला मला किती वाजता यायला जमेल ते विचारलं.