पुलाच्या जागी कमान

रामजी गावकराला राजकारणाबद्दल विचारलं की तो आधी थुंकायचा आणि मग बोलायचा. "सगळे एकाच माळेचे मणी. फरक काय तो उपरण्याच्या रंगात!" आणि गंमत बघा, ह्याच मण्यांना देवापुढे उभं करून त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घालायचा मान रामजीच्याच घराण्याकडे होता. पालीच्या रस्त्यावरून आत वळलं की त्याचं गाव. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा, रामजीनं मागणं मागायचं आणि दर मागण्याला जमलेल्यांनी "होय महाराजा!" म्हणायचं, ही पूर्वापार चालत आलेली रीत. निवडणूक लागली की उमेदवारांची रीघ लागायची. सकाळी एक पक्ष, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी सकाळचाच माणूस तिसरं उपरणं घालून हजर! रामजी सगळ्यांसाठी विजय मागायचा. "देवाला सगळं कळतंय. मी आपला पोस्टमन," असं बायकोला सांगायचा.

बायकोला, म्हणजे शालनला, ह्या पोस्टमनचा भारी राग. "अवो, दुनियेसाठी मागताव. आपल्या पऱ्यावरच्या पुलाचं कधी मागणार?"

पऱ्या म्हणजे वाडीजवळचा ओढा. रस्ता, शाळा, देऊळ सगळं पलीकडे, आणि रामजीची वाडी अलीकडे. जवान माणसं मुंबईला, म्हणून म्हातारेच दरवर्षी पोफळीच्या खोडांचा साकव घालायचे आणि पाऊस तो दरवर्षी घेऊन जायचा. पुलाचं वचन दिलं नाही असा पक्ष शिल्लक नव्हता. एकानं तर पऱ्याच्या काठावर कुदळही मारली आणि फोटो काढून गेला. त्या खड्ड्यात आता खेकडे राहतात. निदान कुणाची तरी सोय झाली!

गेल्या पावसात सानवी साकवावरून घसरली. सानवी म्हणजे रामजीची नात, अंगणवाडीत जाणारी. आईनं, श्रुतीनं, दप्तराला धरून ओढली म्हणून पोर हाताला लागली. नवरा प्रमोद मुंबईला कामाला, त्यामुळे निवडणूक लागली तेव्हा श्रुतीनं सासऱ्यालाच सरळ सांगितलं, "बाबा, यंदा ती पहिलीत जाणार. पावसाच्या आत पूल झाला तर आम्ही इथेच राहू. नाहीतर मी तिला घेऊन मुंबईला जाते." ह्या वयात नातीशिवाय घरात करायचं काय, हेच रामजीला कळेना.

त्याच दिवशी दर्शनशेठ आला. चिरेखाणीचा मालक, झेडपीचा उमेदवार, तीन पक्ष फिरून चौथ्यात टेकलेला. "रामजीतात्या, गाऱ्हाणं दणक्यात होऊ द्या!"

रामजीनं दणक्यातच घातलं. "हे देवा महाराजा! हे तुझं लेकरू मतं मागायला आलंय!"

"होय महाराजा!"

"ह्याला निवडून आण!"

"होय महाराजा!"

"आणि हा पऱ्यावर पूल न बांधता पुन्हा तुझी पायरी चढला, तर ह्याच्या अंगावरची पांढरी कापडं उतरव, ह्याला दारोदार हिंडव!"

"होय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज दर्शनशेठचा! डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि जिभेला लहानपणापासूनची सवय. आपण कशाला होकार दिला हे डोळे उघडल्यावर लक्षात आलं, तेव्हा गड्याचं तोंड उतरलं. पण देवापुढे गेलेला शब्द परत कोण घेणार? रामजी त्या रात्री पोटभर जेवला. माणसाला नाही, पण देवाला तरी हा घाबरेल, अशी त्याला पक्की आशा वाटली.

आणि घाबरला की! निवडून आल्यावर खाणीतलं यंत्र दोनदा बंद पडलं, तेव्हा शेठची पाचावर धारण बसली. मे महिन्यात चिऱ्याचे ट्रक आले, गवंडी आले. रामजी धावत पलीकडे गेला. पायाचे खड्डे देवळाच्या वाटेवर पडत होते. शेठ देवाला कमान बांधत होता. वर त्याचंच नाव, देवाच्या नावापेक्षा ठसठशीत.

"आणि पूल?" रामजीनं विचारलं.

"त्याचं इस्टिमेट वर गेलंय, तात्या. फंड अडकलाय. पण देवाला कशाला ताटकळत ठेवायचं?"

जूनच्या सुरुवातीला उद्‌घाटन झालं. शेठ पायरी चढला नाही, शब्दाचा पक्का! कमानीखालीच उभा राहून म्हणाला, "तात्या, मागचं गाऱ्हाणं तेवढं सोडवा. देवाला सांगा, आपलं मिटलं."

समोरच एसटीचा थांबा. तिथे श्रुती सानवीचा हात धरून उभी होती आणि शालनच्या डोक्यावर त्यांची बॅग होती. रामजीनं तिकडे पाहिलं, मग नारळ उचलला.

"हे देवा महाराजा! ह्यानं तुला कमान दिली!"

"होय महाराजा!"

"ती तू घेतलीस!"

"होय महाराजा..." आवाज जरा पडला.

"पऱ्या होता तिथेच आहे आणि माझी नात चालली!"

कुणी बोलेना.

"तुम्ही दोघं सारखेच निघालात. दिलेलं घेता आणि मागितलेलं विसरता. आजपासून ह्याला माझं मत नाही आणि तुला माझं गाऱ्हाणं नाही!"

सगळे माना खाली घालून उभे. गावात बाईमाणसानं गाऱ्हाण्याला होकार द्यायची रीत नाही, कधी नव्हती. पण थांब्यावरून, डोक्यावरची बॅग एका हातानं सावरत, शालन ओरडली, "होय महाराजा!"

रामजीनं नारळ न फोडताच दर्शनशेठच्या हातात दिला आणि नातीला गाडीत बसवायला गेला.